मॅन्युअल, आकडा आणि बिल्ड: टूलकिटचं रिलीज काढण्याआधी काय जुळवावं

टूलकिटच्या रिलीजची तारीख जवळ आली की सगळ्यांचं लक्ष उरलेल्या बगांवर असतं. डॉक्युमेंटेशन आणि बिल्ड ही कामं शेवटच्या दोन दिवसांवर ढकलली जातात आणि मॅन्युअल येतं ते वरातीमागून घोडं आल्यासारखं. टेस्ट पास झाल्या, शेवटचं कमिट गेलं की काम संपलं असं करणाऱ्याला वाटतं. पण वापरणारा तुमची रेपो उघडून बसत नाही. त्याच्या हातात उतरवून घेतलेली फाइल असते, सोबतचं मॅन्युअल असतं आणि फाइलवर लिहिलेला आवृत्तीचा आकडा असतो. या तिन्हींचा मेळ बसला नाही, तर कोड कितीही चांगला असला तरी रिलीज फसलं असंच तो म्हणणार. म्हणून या लेखातल्या प्रत्येक पायरीमागे एकच नियम आहे: तपासायचं ते लोकांच्या हाती पडणारं पॅकेज, आपल्या यंत्रावरची रेपो नव्हे.

उदाहरण म्हणून डब्ल्यूएक्सविजेट्स घेऊ. ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात ते सुरू केलं. आधीचं नाव डब्ल्यूएक्सविंडोज होतं, मायक्रोसॉफ्टच्या विनंतीनंतर २००४ मध्ये ते बदललं. एकच सी प्लस प्लस कोड विंडोजवर विंडोजची, लिनक्सवर जीटीकेची आणि मॅकवर कोकोआची बटणं, मेनू आणि खिडक्या वापरतो, हे या टूलकिटचं वैशिष्ट्य. ऑडॅसिटी, फाइलझिला, पोएडिट आणि कायकॅड हे त्यावर उभे राहिलेले परिचित प्रोग्रॅम. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे सर्किट डिझाइनचं साधन कायकॅडचा आधार घेतं. म्हणजे टूलकिटच्या रिलीजमध्ये राहिलेली खोट दोन पायऱ्या उतरून इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबपर्यंत पोचू शकते. तुम्ही अशा प्रोजेक्टला हातभार लावत असाल, किंवा तुमच्या कंपनीने अशा टूलकिटवर स्वतःचा थर चढवला असेल, तर पुढचा क्रम दोन्हीकडे लागू पडतो.

आधी ठरवा: हे कोणत्या जातीचं रिलीज?

डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये मधला आकडा सम असेल तर ती स्थिर शाखा, विषम असेल तर विकासाची. ३.० नोव्हेंबर २०१३ मध्ये आलं, ३.२ जुलै २०२२ मध्ये. मधला सगळा काळ ३.१ च्या मालिकेचा. स्थिर शाखेतल्या ३.२.१, ३.२.२ अशा रिलीजना एक वचन पाळावं लागतं: जुन्या रिलीजवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर पुन्हा कंपाइल न करता चालला पाहिजे.

हे वचन वाटतं तितकं सोपं नाही. बाहेर दिसणाऱ्या क्लासमध्ये एक व्हर्च्युअल फंक्शन वाढवलं की फंक्शनांचा अंतर्गत तक्ता सरकतो. एक डेटा मेंबर वाढवला की ऑब्जेक्टचा आकार बदलतो. कंपाइल करताना काहीच चुकत नाही, जुना प्रोग्रॅम मात्र चालता चालता कोसळतो. म्हणून असे बदल स्थिर शाखेत घेत नाहीत. आपल्या नजरेवर विसंबू नका. लिनक्सवर लिबॲबिगेलमधलं एबीआयडिफ हे साधन आधीच्या रिलीजची आणि आत्ताची लायब्ररी शेजारी ठेवून काय बदललं ते सांगतं. ते डॉक्युमेंटेशनला हात घालण्याआधीच चालवा. त्यातून एखादा बदल मागे घ्यावा लागला, तर त्याबद्दल लिहिलेला मजकूरही काढावा लागतो.

बदलांची नोंद: न बोलता मोडणारं आधी

बदलांची नोंद म्हणजे कमिटच्या मथळ्यांची यादी नव्हे. वाचणाऱ्याला एवढंच हवं असतं की माझा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर नेताना काय मोडेल? डब्ल्यूएक्सविजेट्सच्या चेंजेस फाइलची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मोठ्या आवृत्तीच्या नोंदीत अगदी वर विसंगत बदल येतात, आणि त्यांचेही दोन भाग असतात. पहिला, कंपाइल करताना चूक न दाखवता वागणूक बदलणाऱ्या गोष्टी. दुसरा, ज्यांमुळे बिल्डच अडेल अशा गोष्टी. दुसऱ्या भागातलं कंपायलर स्वतःच सांगतो. पहिल्या भागातलं मात्र ही नोंद सोडून कुणीच सांगणार नाही, म्हणून ते आधी. त्यानंतर सर्व प्लॅटफॉर्मना लागू असलेले बदल आणि मग जीटीके, विंडोज, मॅक अशा पोटयाद्या.

प्रत्येक नोंद वापरणाऱ्याच्या बाजूने लिहा. ‘लिस्ट कंट्रोलचा कोड सुधारला’ या वाक्यातून कुणाला काही कळत नाही. ‘विंडोजवर लिस्टमधली ओळ कोडने निवडली, तर आता निवडीचा इव्हेंट येत नाही, तो हवा असेल तर स्वतः पाठवा’ असं लिहिलं, की वाचणाऱ्याला आपल्या कोडमध्ये काय शोधायचं ते कळतं. काय होतं, काय झालं आणि काय करायचं, ही तीन उत्तरं एका नोंदीत बसली पाहिजेत.

किमान गरजा बदलल्या असतील तर त्या वेगळ्या आणि ठळक लिहा. ३.२ पर्यंत सी प्लस प्लस ९८ वर भागत होतं, ३.३ ला सी प्लस प्लस ११ लागतं आणि युनिकोड नसलेलं बिल्ड त्यात उरलेलंच नाही. अशी ओळ यादीच्या तळाशी लपली, तर जुना कंपायलर सांभाळणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस फुकट जातो.

मॅन्युअल: कोडशी ताडून पाहा

या टूलकिटचं संदर्भ मॅन्युअल डॉक्सिजनने तयार होतं, पण डॉक्सिजन खऱ्या हेडर फाइली वाचत नाही. इन्क्लूड फोल्डरमध्ये कंपायलरसाठीच्या हेडर आहेत आणि इंटरफेस फोल्डरमध्ये केवळ डॉक्युमेंटेशनसाठी लिहिलेल्या, त्याच नावांच्या वेगळ्या हेडर. याचा फायदा असा की प्लॅटफॉर्मगणिक वाढलेलं मॅक्रोंचं जंजाळ वाचकासमोर येत नाही. तोटा असा की एका ठिकाणचा बदल दुसऱ्या ठिकाणी करायचा राहून जातो. फंक्शनला नवा आर्ग्युमेंट मिळतो, त्याचं डिफॉल्ट मूल्य बदलतं आणि मॅन्युअलमध्ये मात्र जुनंच छापलेलं राहतं. ही तफावत शोधण्यासाठी रेपोत इफेसचेक नावाचं साधन आहे. तुमच्या प्रोजेक्टमध्ये तसं काही नसेल, तर मागच्या टॅगपासून आजवर बदललेल्या सार्वजनिक हेडरची यादी गिटकडून काढा आणि प्रत्येकीसमोर डॉक्युमेंटेशनची कोणती फाइल बदलली ते लिहा. जिथे रकाना रिकामा राहतो, तिथे काम बाकी आहे.

हे केवळ वाचकाच्या सोयीसाठी नाही. पायथनमधलं डब्ल्यूएक्सपायथन आपला जोडकोड याच इंटरफेस हेडरमधून डॉक्सिजनने काढलेल्या एक्सएमएलवरून तयार करतं. त्यामुळे डॉक्युमेंटेशनमधली चूक तिथे थेट कोडमधली चूक होते.

प्रत्येक नव्या क्लासला आणि फंक्शनला ‘कधीपासून’ हा टॅग लावलाय का ते पाहा. आकडा ज्या रिलीजमध्ये गोष्ट प्रथम आली त्याचाच हवा. वेगवेगळ्या डीपीआयच्या पडद्यांसाठी एकाच आयकॉनची अनेक रूपं बाळगणारा बिटमॅपबंडल क्लास ३.१.६ मध्ये आला, म्हणून ३.२ च्या मॅन्युअलमध्येही त्याच्यापुढे ३.१.६ च असतं. रिलीजचा आकडा ऐनवेळी बदलला, तर हे सगळे टॅग शोधून बदलावे लागतात. एखादी सोय एकाच प्लॅटफॉर्मवर चालत असेल, तर त्यासाठी ‘फक्त अमुकसाठी’ असा वेगळा टॅग आहे. तो चुकला, तर लिनक्सवाला माणूस विंडोजपुरतंच असलेलं फंक्शन बोलावत बसतो.

चित्रांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. बटण किंवा कॅलेंडर तिन्ही प्लॅटफॉर्मवर वेगळं दिसतं, म्हणून मॅन्युअलमध्ये प्रत्येकाची चित्रं वेगळी लागतात. ती हाताने काढण्याऐवजी स्क्रीनशॉटजेनसारख्या छोट्या प्रोग्रॅमने एका फटक्यात काढा. सगळी एकाच थीमची आणि एकाच आकाराची निघतात.

शेवटी डॉक्सिजनचे इशारे. इशाऱ्यांची वेगळी फाइल काढा आणि मागच्या रिलीजच्या फाइलशी तुलना करा. जुने इशारे सगळे मिटवणं या रिलीजमध्ये जमणार नाही, पण नवा एकही वाढू देऊ नका.

आकडा किती ठिकाणी लिहिलाय?

आवृत्तीचा आकडा एकाच जागी असावा हे खरं, पण जुन्या आणि मोठ्या प्रोजेक्टमध्ये तसं क्वचितच असतं. डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये तो व्हर्जन हेडरच्या मॅक्रोंमध्ये आहे, कॉन्फिगर स्क्रिप्टच्या मूळ फाइलमध्ये आहे, डॉक्सिजनच्या सेटिंगमध्ये आहे, एक्सकोडच्या सेटिंगमध्ये आहे आणि रीडमीतही आहे. सीमेक मात्र तो व्हर्जन हेडरमधूनच वाचतं, म्हणून तिथे वेगळा बदल लागत नाही. नवं काही जोडताना हीच पद्धत ठेवा: आकडा वाचा, पुन्हा लिहू नका.

इथे एक ठेच नेहमी लागते. कॉन्फिगरची मूळ फाइल बदलली, तरी तिच्यापासून तयार होणारी स्क्रिप्ट आपोआप बदलत नाही, आणि ती स्क्रिप्टही रेपोत ठेवलेली असते. ती पुन्हा तयार करायची राहिली, तर हेडर नवा आकडा सांगतं आणि कॉन्फिगर जुना. आकडा वाढवण्याची एक स्क्रिप्ट ठेवा, आणि ती चालवल्यावर जुना आकडा संपूर्ण रेपोत शोधा. बदलांची नोंद आणि ‘कधीपासून’चे टॅग सोडून तो आणखी कुठे सापडता कामा नये.

याशिवाय लिबटूलचे तीन आकडे असतात: करंट, रिव्हिजन आणि एज. त्यांचा आवृत्तीच्या आकड्याशी संबंध नसतो. फक्त आतला कोड बदलला असेल तर रिव्हिजन एकाने वाढवा. बाहेरून दिसणारं काही वाढलं असेल, पण जुनं शाबूत असेल, तर करंट आणि एज दोन्ही एकेकाने वाढवा आणि रिव्हिजन शून्य करा. जुनं काही काढलं किंवा बदललं असेल तर करंट वाढवा, बाकीचे दोन्ही शून्य. यात चूक झाली की लिनक्सचा लोडर चुकीची लायब्ररी खुशाल जोडून देतो.

सोर्सचं पॅकेज

टॅग लावला, की गिटहब झिप आणि टारबॉल आपोआप तयार करून देतं, आणि बरेच जण तेवढ्यावर थांबतात. पण त्या झिपमध्ये सबमॉड्यूलचा मजकूर नसतो. डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये झेडलिब, पीएनजी, टिफ, एक्सपॅट आणि पीसीआरई सबमॉड्यूल म्हणून आहेत. गिटहबची झिप विंडोजवर उघडली तर त्यांचे फोल्डर रिकामे निघतात आणि बिल्ड अडतं. म्हणून सबमॉड्यूलसकट सोर्सचं पॅकेज स्वतः तयार करा, आणि डाउनलोडच्या पानावर ‘आपोआप तयार झालेली झिप वापरू नका’ अशी ओळ घाला.

ओळींच्या शेवटाकडेही लक्ष द्या. शेल स्क्रिप्टमध्ये विंडोजच्या पद्धतीचे ओळशेवट शिरले, तर लिनक्सवर ती इंटरप्रिटर सापडत नाही म्हणून तक्रार करते आणि स्क्रिप्ट उघडून पाहिली तर सगळं ठीकठाक दिसतं. झिप विंडोजवर तयार केली असेल, तर कॉन्फिगर फाइलची चालवण्याची परवानगीही गळून पडू शकते. दोन्ही गोष्टी पॅकेज लिनक्सवर मोकळं केल्याशिवाय कळत नाहीत.

आता महत्त्वाचं: इथून पुढची सगळी बिल्ड या पॅकेजमधूनच करा, रेपोच्या फोल्डरमधून नाही. रेपोत तुमच्या न नोंदवलेल्या फाइली असतात, आधीच्या बिल्डचे अवशेष असतात. पॅकेजमध्ये एखादी हेडर घालायची राहिली असेल, तर ते पॅकेजमधून बिल्ड केल्यावरच कळेल.

तीन प्लॅटफॉर्म, तीन तऱ्हा

विंडोजवर तयार बायनरी देण्याची प्रथा आहे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून २०२२ पर्यंतचे कंपायलर एकमेकांच्या लायब्ऱ्या वापरू शकतात, अट एवढीच की लिंकर त्यांतल्या सर्वांत नव्याइतका तरी नवा हवा. त्यामुळे या सगळ्यांसाठी एकच संच पुरतो आणि त्याच्या नावात ‘व्हीसी१४एक्स’ असं लिहिलेलं असतं. मिनजीडब्ल्यूचं तसं नाही. तिथे जीसीसीची आवृत्ती, थ्रेडची पद्धत आणि एक्सेप्शनची पद्धत हे सगळं जुळावं लागतं, म्हणून कोणत्या कंपायलरने बिल्ड केलं ते फाइलच्या नावातच सांगा. डीबग आणि रिलीज डीएलएल दोन्ही द्या, पण त्यांची सरमिसळ करू नका असं बिल्डच्या सूचनांत बजावून सांगा.

मॅकवर आज इंटेल आणि ॲपल सिलिकॉन दोन्हींसाठी युनिव्हर्सल बिल्ड लागतं. तयार झालेल्या लायब्ररीवर लिपो चालवून दोन्ही आर्किटेक्चर आत आहेत ना ते पाहा. मग ओटूलने ती कोणकोणत्या लायब्ऱ्यांवर अवलंबून आहे त्याची यादी काढा. बिल्डच्या यंत्रावर होमब्रू असेल, तर कॉन्फिगर तिथली टिफ किंवा पीसीआरई उचलतं. यादीत होमब्रूचा पाथ दिसला, की समजा, ज्या मॅकवर होमब्रू नाही तिथे तुमचा प्रोग्रॅम उघडणारही नाही. कॉन्फिगरला सोबतच्या लायब्ऱ्या वापरण्याची सक्ती करा आणि पुन्हा बिल्ड करा.

लिनक्सवर बायनरी देण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नका. डेबियनसारखी डिस्ट्रिब्यूशन स्वतः पॅकेज बनवतात, त्यांना स्वच्छ टारबॉल हवा असतो. तरी बायनरी द्यायचीच असेल, तर तुम्ही ज्यांना आधार देता त्यांतल्या सर्वांत जुन्या डिस्ट्रिब्यूशनवर बिल्ड करा. नव्या जीलिबसीवर केलेलं बिल्ड जुन्यावर चालत नाही, जुन्यावरचं नव्यावर चालतं.

कॉन्फिगर शेवटी एक गोषवारा छापतं: कोणतं जीटीके, कोणती लायब्ररी यंत्रातली आणि कोणती सोबतची. तो जपून ठेवा आणि मागच्या रिलीजच्या गोषवाऱ्याशी ताडून पाहा. वेबकिटचं डेव्हलपमेंट पॅकेज यंत्रावर नसेल, तर कॉन्फिगर फक्त एक इशारा देतं आणि वेबव्ह्यू वगळून पुढे जातं. बिल्ड यशस्वी होतं, टेस्ट पास होतात आणि लायब्ररीतून एक अख्खा कंट्रोल गायब असतो.

तपासणी: कोऱ्या यंत्रावर

ज्या यंत्रावर तुम्ही रोज काम करता, तिथे सगळं आधीच बसवलेलं असतं. म्हणून नवी व्हर्च्युअल मशीन किंवा कंटेनर घ्या आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या सूचना, एकही शब्द मनाने न घालता, जशाच्या तशा पाळा. सूचना पाळणारा माणूस त्या लिहिणारा नसावा. जिथे तो अडेल, तिथे मजकूर दुरुस्त करा, त्याला तोंडी समजावू नका.

मग मिनिमल नावाचा नमुना प्रोग्रॅम चालवा. त्यात एक खिडकी आणि दोन मेनू, एवढंच आहे. पण हेल्प मेनूतलं अबाऊट उघडलं की लायब्ररीची आवृत्ती आणि ती कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते आहे ते दिसतं. तिन्ही प्लॅटफॉर्मवर हा चौकोन उघडा आणि आकडा पॅकेजच्या नावाशी ताडून पाहा. आकडे वाढवताना झालेली बरीच गफलत इथे उघडी पडते. प्रोग्रॅम सुरू होतानाच लायब्ररी आपल्या बिल्डची खूण प्रोग्रॅमच्या खुणेशी ताडते. आवृत्ती किंवा बिल्डचे पर्याय जुळले नाहीत तर दोन्ही खुणा छापून तिथेच थांबते. हा संदेश आणि त्यावरचा उपाय डॉक्युमेंटेशनमध्ये असू द्या.

आपल्यासाठी आणखी एक कसोटी देवनागरीची. एकच मजकूर विंडोज, लिनक्सवरचं पँगो आणि मॅकवरचं कोअर टेक्स्ट आपापल्या परीने मांडतात. मजकुराच्या चौकटीत ‘क्षितिज’, ‘दुसऱ्या’, ‘राष्ट्र’ असे शब्द टाइप करा. कर्सर एकेक घर पुढे न्या, बॅकस्पेस दाबा, मधूनच निवडून कापा. ‘क्षि’ हे दिसायला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये ते चार कोड पॉइंटचं असतं. रुंदी मोजून मजकूर स्वतः रंगवणाऱ्या कंट्रोलमध्ये अक्षर नेमकं मधून तुटतं. यादीची आणि टॅबची शीर्षकं याच कारणाने जरूर पाहा. असा बग सापडला, तर तो मराठी वाचणारा माणूसच नीट नोंदवू शकतो. प्लॅटफॉर्म, फॉन्ट आणि चित्र यांसह नोंदवा.

रिलीज झाल्यावर

सही केलेला टॅग, पॅकेजं आणि त्यांचे चेकसम प्रसिद्ध झाले की लगेच शाखेवरचा आकडा पुढच्या आवृत्तीचा करा आणि बदलांच्या नोंदीत नवा रिकामा विभाग उघडा. तसं केलं नाही तर उद्याचं कमिट कालच्या आवृत्तीच्या नावाने फिरू लागतं. मॅन्युअल आवृत्तीच्या आकड्याच्या वेगळ्या पत्त्यावर ठेवा आणि ‘स्थिर’ हा पत्ता नव्याकडे वळवा. जुनं पान पुसू नका, जुन्या आवृत्तीवर अडकलेल्यांना तेच लागतं. डेबियन, होमब्रू, एमसिस२ आणि व्हीसीपीकेजी इथे पॅकेज सांभाळणाऱ्यांना बदललेल्या गरजा आणि नव्या अवलंबित्वांची कल्पना द्या.

आणि एखाद्या प्लॅटफॉर्मचं बिल्ड शेवटच्या दिवशी अडलंच, तर दोनच पर्याय प्रामाणिक आहेत. तारीख पुढे ढकला, किंवा त्या प्लॅटफॉर्मची बायनरी नंतर येईल असं रिलीजच्या सूचनेतच लिहा. प्रसिद्ध झालेली फाइल त्याच नावाने गुपचूप बदलू मात्र नका. ज्यांनी ती आधी उतरवली त्यांचे चेकसम जुळेनासे होतात आणि ही कुणी घुसडलेली फाइल तर नाही ना, अशी शंका त्यांना येते. दुरुस्ती करायचीच असेल तर शेवटचा आकडा एकाने वाढवा, चेंजेस फाइलमध्ये एक ओळ लिहा आणि पॅकेज पुन्हा पहिल्यापासून तयार करा.